कढीपत्त्यावरची अळी वर्गात कशी वाढवावी

शाळेत जिवंत प्राणी आणायचा विषय निघाला की सर्पमित्राला बोलवून नाग दाखवू, असं सुचवणारं कोणीतरी असतंच. मुलं किंचाळतात, मोबाइलवर फोटो निघतात आणि तासाभरात साप पिशवीत परत जातो. तो काय खातो, कुठं राहतो, अंडी कुठं घालतो, यातलं काहीच त्या तासात दिसत नाही. दिसतो तो घाबरलेला साप. वन्यजीवांबद्दल खरं शिकवायचं तर असा प्राणी निवडावा ज्याचं आयुष्य वर्गात उलगडत जाईल, ज्याला हात लावावा लागणार नाही आणि जो जिथून आणला तिथंच धडधाकट परत सोडता येईल. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांच्या आवारात, नाहीतर शेजारच्या परसात तो असतो. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावर वाढणारी फुलपाखराची अळी.

आधी काय आणायचं नाही ते पाहू.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये अलीकडे मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. नाग, धामण, अजगर, घोरपड, आपल्याकडचे पोपट, मुनिया, स्टार कासव हे सगळे या कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, पिंजऱ्यात किंवा डब्यात ठेवणं गुन्हा आहे आणि ‘मुलांना शिकवायला आणला’ हे कारण त्यातून सुटका करत नाही. शिक्षणासाठी परवानगीची तरतूद आहे, पण ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडून आधी लेखी घ्यावी लागते. कुणी विद्यार्थ्यानं जखमी पक्षी किंवा घरात सापडलेला साप शाळेत आणलाच, तर खोक्यात झाकून शांत जागी ठेवा, साप असेल तर खोक्याजवळ कुणाला जाऊ देऊ नका, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. त्याचा धडा करू नका.

दुकानात मिळणारं लाल कानपट्टीचं पाणकासव परदेशी आहे. त्याच्यामुळे साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो, ते वर्षानुवर्षं जगतं आणि कंटाळा आला की लोक ते तलावात सोडतात, मग तिथल्या कासवांच्या खाण्यावर आणि जागेवर गदा येते. पावसाळ्यात भिंतीवर चढणारी मोठी आफ्रिकी गोगलगाय मुलं हौसेनं उचलून आणतात. तिच्या अंगात मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा कृमी असू शकतो, म्हणून ती उघड्या हातानं उचलू देऊ नका. आणि केसाळ सुरवंट तर मुळीच नकोत. शेवग्याच्या खोडावर झुंडीनं बसणारे सुरवंट ज्याच्या अंगावर पडले आहेत, त्याला खाज म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आपल्याला गुळगुळीत अंगाची अळी हवी.

कोणती अळी

लिंबू, कढीपत्ता, बेल, संत्रं, मोसंबी या एकाच कुळातल्या झाडांवर दोन फुलपाखरं हमखास अंडी घालतात. एक कॉमन लाइम, म्हणजे लिंबाचं फुलपाखरू. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखाच्या आतल्या टोकाला लाल ठिपका, शेपटी नाही. दुसरं कॉमन मॉर्मन. नराच्या काळ्या मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ असते आणि पंखाला शेपटी असते. मादी तीन रूपांत दिसते. एक नरासारखंच, बाकीची दोन कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या विषारी फुलपाखरांची नक्कल करणारी. लिंबूवर्गी झाडांवर कधीकधी ब्लू मॉर्मनही अंडी घालतं. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ते हेच. लहान अळीवरून नेमकं कोणतं ते सांगणं अवघड असतं, तेव्हा ‘आतून कोण येईल’ हा प्रश्न फळ्यावर लिहून महिनाभर तसाच राहू द्या.

बाकी फुलपाखरांच्या अळ्यांच्या मागे लागू नका. फुलपाखरांच्या काही जाती कायद्याच्या परिशिष्टांत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या याद्यांत आहेत आणि ओळख पटल्याशिवाय अंडी उचलणं योग्य नाही. लिंबाचं फुलपाखरू मात्र इतकं सर्रास आढळतं की संत्री-मोसंबीच्या बागायतदारांना ते कीड म्हणूनच माहीत आहे. दहाएक अंडी उचलल्यानं त्याला काही फरक पडत नाही.

वेळ साधणं

अंड्यापासून फुलपाखरापर्यंत पावसाळ्यात साधारण चार ते पाच आठवडे लागतात. अंडं ३ ते ४ दिवस, अळी दोन ते अडीच आठवडे, कोष ८ ते १२ दिवस. थंडी पडली की हे सगळं लांबतं. नोव्हेंबरनंतर बनलेला कोष कधी आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. म्हणून जुलैचा पहिला पंधरवडा उत्तम. झाडांना नवी पालवी असते, मादी कोवळ्या पानांवरच अंडी घालते आणि गणपतीच्या सुट्टीच्या आधी काम उरकतं. दिवाळीच्या तोंडावर सुरू केलं तर कोष बंद शाळेत अडकतो.

साहित्य

चाळीस मुलांच्या वर्गाला पाच बरण्या पुरेत, आठ मुलांमागे एक. प्रत्येक बरणीत दोनच अळ्या.

रुंद तोंडाची एक लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बरणी घ्या. लोणच्याची असेल तर साबणानं धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा, तेला-मसाल्याचा वास राहिला तर अळी खायला नकार देते. तोंडाला मलमलचा तुकडा आणि रबरबँड. मच्छरदाणीची जाळी इथं चालत नाही, कारण अळीत किंवा कोषात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या तिच्या भोकांतून सहज आत शिरतात. तळाला जुन्या वर्तमानपत्राची घडी. डहाळी उभी करायला इंजेक्शनच्या औषधाची धुतलेली कुपी किंवा छोटी बाटली. तिच्या तोंडात डहाळीभोवती कापूस घट्ट ठासा. कापूस सैल असेल तर अळी देठावरून खाली उतरते आणि पाण्यात बुडून मरते. नव्या वर्गात बहुतेक पहिली अळी अशीच जाते.

कोषांसाठी एक मोठा पिंजरा लागतो. दीड फूट लांब-रुंद आणि दोन फूट उंच लाकडी किंवा पीव्हीसीची चौकट, भोवती मलमल. शाळेत सुतारकाम होत नसेल तर पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याच्या दोन बाजू कापून तिथं कापड चिकटवलं तरी भागतं. पिंजरा आणि बरण्या ज्या टेबलावर ठेवाल त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्या एका रात्रीत सगळं साफ करतात. पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात. भिंतीला टेकवू नका, पाल येते. ऊन थेट पडेल अशी खिडकीही नको, बंद बरणी दहा मिनिटांत तापते.

याशिवाय दोन नंबरचा मऊ ब्रश, हातभिंग आणि मिलिमीटरची पट्टी.

अंडी शोधताना

मुलांना घेऊन झाडापाशी जा आणि शेंड्याकडची कोवळी, पोपटी पानं दोन्ही बाजूंनी पाहायला सांगा. अंडं एकेकटं असतं, गोल, फिकट पिवळं, मोहरीच्या दाण्याएवढं किंवा त्याहून लहान. पहिल्या दहा मिनिटांत कुणालाच सापडत नाही. एकाला सापडलं की डोळा बसतो आणि मग सगळ्यांना दिसायला लागतात.

अंडी किंवा अगदी बारीक, चार-पाच मिलिमीटरपर्यंतच्या अळ्याच आणा. मोठी हिरवी अळी बघून मोह होतो, पण बाहेर वाढलेल्या मोठ्या अळीत परोपजीवी माशीनं किंवा गांधीलमाशीनं आधीच अंडी घातलेली असण्याची शक्यता बरीच असते. तसं असेल तर फुलपाखराऐवजी आतून माश्या बाहेर पडतात. निसर्गात हे रोज घडतं आणि तेही मुलांना सांगायलाच हवं, पण पहिल्या खेपेला नव्हे.

पान देठासकट तोडा. अंडं पानावरून सोडवायचा प्रयत्न करू नका, ते चिकटलेलं असतं आणि फुटतं. कोणत्या झाडावरून आणलं ते बरणीवर लिहा: तारीख, झाड, जागा. हे नंतर दोनदा उपयोगी पडतं. अळी ज्या झाडाच्या पानांवर वाढायला लागली तीच पानं शेवटपर्यंत द्यायची असतात. लिंबावरची मोठी अळी कढीपत्त्यावर टाकली तर पुष्कळदा उपाशी बसते. आणि फुलपाखरू सोडायचंही त्याच झाडापाशी.

पानांचा प्रश्न

सगळ्यात जास्त अळ्या मरतात त्या बाजारच्या कढीपत्त्यानं. जुडीवर कीटकनाशकाचा अंश असतो, तो धुऊन पूर्ण जात नाही. अळी अंग झटकते, तोंडातून हिरवं पाणी काढते आणि काही तासांत मरते. फवारणी न झालेलं झाड हाताशी आहे याची खात्री झाल्याशिवाय अंडी आणूच नका. रोपवाटिकेतून आणलेल्या नव्या कुंडीलाही फवारणी झालेली असते. तिला निदान दोन महिने जाऊ द्या आणि नंतर फुटलेली पानंच वापरा.

पानं किती लागतील याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. अळी तिच्या आयुष्यात जेवढं खाते त्यातलं तीन-चतुर्थांशाहून जास्त शेवटच्या टप्प्यातल्या चार-पाच दिवसांत खाते. पहिला आठवडा एका डहाळीवर भागतं, म्हणून शिक्षक निर्धास्त राहतात, आणि मग एका शनिवार-रविवारी बरणीत नुसते देठ उरतात. दहा अळ्यांसाठी माणसाच्या छातीएवढं तरी झाड हवं. शुक्रवारी दुपारी दुप्पट डहाळ्या ठेवा किंवा बरण्या कुणाच्या तरी घरी पाठवा.

रोजची दहा मिनिटं

सकाळी प्रार्थनेनंतर एका गटाची पाळी. आधी हात नुसत्या पाण्यानं धुवायचे. सॅनिटायझर, पावडर किंवा डास पळवणारं मलम लावलेले हात बरणीत घालायचे नाहीत. वर्गात मच्छर अगरबत्ती किंवा लिक्विड मशीन लावायचं नाही, त्यातलं कीटकनाशक अळीलाही मारतं. नगरपालिकेची धूरफवारणी होणार असेल त्या दिवशी बरण्या दुसऱ्या गावातल्या घरी, निदान पलीकडच्या गल्लीत हलवा आणि आठवडाभर बाहेरच्या झाडाची पानं वापरू नका.

विष्ठेच्या गोळ्यांसकट कागद बदला. नवी डहाळी जुनीच्या शेजारी ठेवा, अळी स्वतःहून तिकडं जाते. ती पानाला चिकटलेली असताना ओढू नका, पाय तुटतात. हलवायचीच असेल तर पानाचा तुकडा कापून तिच्यासकट ठेवा. पानावर पाण्याचे थेंब नकोत, पुसून घ्या. बरणीच्या आत दव जमलं असेल तर हवा खेळत नाही असं समजा.

शेवटी साबणानं हात धुवायचे.

अळी मधूनच दिवसभर हलत नाही, खात नाही, डोकं किंचित आत ओढून बसते. मुलांना वाटतं ती मेली. ती कात टाकते आहे. त्या काळात तिला हात लावला किंवा पान हलवलं तर जुनी कातडी अडकते आणि ती मरते. अशा बरणीवर ‘कात टाकत आहे’ अशी चिठ्ठी लावायचं काम मुलांनाच द्या, ती बरणीचं रक्षण फार निष्ठेनं करतात.

मुलांनी काय बघायचं

तक्ता साधा ठेवा: तारीख, लांबी मिलिमीटरमध्ये, रंग, काय करत होती. लांबी मोजायची ती पट्टी बरणीला बाहेरून लावून. अंड्यातून निघालेली अळी सुमारे ३ मिमी असते, पूर्ण वाढलेली ४० मिमीच्या आसपास जाते. बाहेर आल्यावर ती बहुधा पहिल्यांदा आपल्या अंड्याचं कवचच खाते, हे भिंगातून दिसलं तर अख्ख्या वर्गाला बोलवा.

कात टाकताना डोक्याचं कवच वेगळं गळून पडतं. ते विष्ठेच्या गोळ्यांत शोधावं लागतं. सापडलेली कवचं चिकटपट्टीनं वहीत क्रमानं लावली की प्रत्येक कवच आधीच्याहून सव्वा ते दीडपट रुंद दिसतं. अळीचं मऊ अंग रोज वाढतं, पण डोकं फक्त कात टाकतानाच मोठं होतं. पाठ्यपुस्तकातलं कोणतंही चित्र हे इतकं पक्कं शिकवत नाही. आम्हाला वाटतं, एवढी एक वही जरी भरली तरी उपक्रम सार्थकी लागला.

दुसरं रंगाचं. पहिल्या चार टप्प्यांत अळी तपकिरी-काळी आणि मधे पांढरा पट्टा असलेली, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा. शेवटच्या, पाचव्या टप्प्यात ती एकदम हिरवी होते. असं का? उत्तर लगेच देऊ नका. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेएवढी असते तोवर ते सोंग खपतं, मोठी झाल्यावर एवढी विष्ठा कुठल्या चिमणीची? मग पानात मिसळून जाणंच बरं. बहुतेक वर्गांत कोणीतरी मूल इथवर आपणहून येतं.

ब्रशच्या केसांनी डोक्यामागं हलकेच एकदा स्पर्श केला तर मानेतून नारिंगी-लाल, दुभागलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. हे मुंग्या, कोळी यांना पळवायचं हत्यार. प्रत्येक अळीला एकदाच दाखवायला लावा. पुन्हापुन्हा डिवचलं तर तिची शक्ती खर्च होते आणि मुलांना प्राण्याला त्रास देण्याची गंमत वाटू लागते, जे आपल्याला अजिबात नको आहे.

कोष

पूर्ण वाढलेली अळी खाणं थांबवते, पातळ विष्ठा टाकते आणि बरणीभर भटकायला लागते. हे जुलाब नव्हेत, कोषाची तयारी आहे. लगेच तिला डहाळीसकट मोठ्या पिंजऱ्यात न्या आणि आत पेन्सिलीएवढ्या जाड, खडबडीत काड्या तिरप्या उभ्या करा. ती शेपटाकडं रेशमाची गादी विणते, कमरेभोवती रेशमाचा एक दोरा घेते आणि त्यावर रेलून बसते. साधारण दिवसभरानं कातडी टाकून कोष बनतो. खडबडीत काडीवर तो बहुधा तपकिरी होतो, हिरव्या गुळगुळीत देठावर हिरवा. दोन्ही प्रकारच्या जागा ठेवल्या तर तुलना करता येते.

कोष बरणीच्या भिंतीला झाला असेल तर बरणीच आडवी किंवा उभी, जशी होती तशी पिंजऱ्यात ठेवा. दोरा तुटून खाली पडला तर टाकून देऊ नका. कागदाची छोटी पुडी करून ती पिंजऱ्याच्या आतल्या बाजूला कापडावर टोचा आणि कोष शेपटाकडून त्यात ठेवा, डोकं वर. पुडीचा कागद खरखरीत हवा, बाहेर येणाऱ्या फुलपाखराला पायांनी धरून चढायला आधार लागतो.

आतले पंख पारदर्शक कवचातून दिसू लागले की बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू निघतं. त्या दिवशी पहिला तास पिंजऱ्यापाशीच ठेवा. बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख ओले, चुरगळलेले असतात. ते पंख खाली सोडून लोंबकळतं आणि पंधरा-वीस मिनिटांत पंख भरतात. त्या वेळी खाली चार-पाच इंच मोकळी जागा हवी. एखादं मूल हात लावतं, पिंजरा हलतो, ते पडतं, आणि पंख तसेच वाळून कायमचे वाकडे होतात. लालसर-तपकिरी द्रवाचे थेंब पडतात ते रक्त नसून कोषातला साठलेला मळ असतो, हे आधीच सांगून ठेवा.

बिघडलं तर

अळी काळी, लुळी होऊन लोंबकळते आणि दुर्गंधी येते: विषाणू किंवा जिवाणूचा संसर्ग. कारण जवळजवळ नेहमी गर्दी, ओल आणि न बदललेला कागद. ती बरणी लगेच वेगळी करा, अळी कागदात गुंडाळून पुरा, बरणी साबणानं आणि मग पातळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुऊन कडक उन्हात वाळवा. दुसऱ्या बरण्यांना हात लावण्याआधी हात धुवा.

अंडं पूर्ण काळं पडलं आणि आठवडा झाला तरी अळी नाही, किंवा कोषाला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं: गांधीलमाशीचं काम. भिंगातून पाहू द्या. ‘वाईट’ माशी असा शब्द वापरू नका. या माश्या नसत्या तर लिंबाच्या झाडावर पान उरलं नसतं, एवढं सांगितलं की मुलं तक्त्यात त्याचीही नोंद घेतात.

कोष दोन आठवड्यांनंतरही तसाच आहे, पण वजनदार आहे आणि स्पर्श केल्यावर शेपूट हलवतो: जिवंत आहे, थांबा. हलका आणि कोरडा झाला असेल तर मेला आहे.

सोडताना

पंख पसरल्यावर तीन-चार तासांनी, ऊन असताना, अंडं जिथं सापडलं त्या झाडापाशी पिंजरा उघडा. पंख चिमटीत धरू नका, खवले निघतात. बोट पायांपुढं धरलं की ते स्वतः चढतं. पाऊस असेल तर एक रात्र पिंजऱ्यात राहू द्या. दुसऱ्या दिवशीही पाऊस उघडला नाही तर एक चमचा साखर दहा चमचे पाण्यात विरघळवून कापसाचा बोळा ठेवा. वार्षिक संमेलनात किंवा पाहुण्यांच्या हस्ते सोडण्यासाठी त्याला अडकवून ठेवू नका आणि दुसऱ्या गावाहून आणलेली फुलपाखरं कधीच सोडू नका.

वाकड्या पंखाचं एखादं उरलं तर ते पिंजऱ्यातच, साखरपाण्याच्या बोळ्याशी आणि ताज्या फुलांपाशी ठेवा. ते काही दिवस जगतं. आलटून पालटून बोळा बदलायला मुलं लागतातच.

शेवटी बरण्या धुऊन, उन्हात तीन दिवस वाळवून, मलमलचे तुकडे गरम पाण्यात उकळून ठेवा. सप्टेंबरच्या पालवीवर दुसरी खेप करता येते, मात्र तेव्हा झाड पहिल्या खेपेतून सावरलं आहे का ते आधी पाहा.